येऊन राहिलो

माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मोठ्या बाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, मी त्यांनीच बांधलेल्या घराच्या पायरीवर पाच तास बसवून ठेवलं. चिखलदऱ्याला, ऑगस्टच्या पावसात. दाराला नवं कुलूप होतं आणि त्याच्या दोन्ही किल्ल्या अमरावतीला माझ्या खिशात होत्या. नंतर मी सगळ्यांना सांगितलं की गैरसमज झाला. लोकांना ते इतकं पटलं की त्याचा विनोद झाला. गैरसमज वगैरे काही झाला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मोठ्या बाबांबद्दल लिहिताना माझा वैताग लपणार नाही, आणि तो वाचून कुणी माझी बाजू घ्यावी असं मला वाटत नाही.

त्या घराला आम्ही बंगली म्हणतो. म्हणावंच लागतं. दोन खोल्या, पुढे पडवी, वर टिनाचं छप्पर, मागे चूल आणि न्हाणी, एवढाच तो पसारा. लग्नानंतर माझी बायको पहिल्यांदा तिथे आली, पडवीत उभी राहिली आणि कौतुकानं म्हणाली, "छान आहे हो खोली." मोठे बाबा हातातली पिशवी खाली न ठेवता तिच्याकडे वळले.

"सूनबाई, खोली भाड्यानं भेटते. हे बंगली होय."

बायको पुढचे दोन दिवस घरातल्या प्रत्येक वस्तूचं नाव मला आधी विचारून मग घ्यायची.

मोठे बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. राहायला अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडे, जिथे एप्रिलमध्ये दुपारी भिंतीला हात लावला तर भिंत हात मागे ढकलते. दर मे महिन्यात ते आम्हा अकरा-बारा जणांना एका जीपमध्ये कोंबून चिखलदऱ्याला न्यायचे. नेणं हे त्यांचं, जाणं आमचं. पण आमचं मत कुणी विचारायचं नाही. परतवाड्याला गाडी थांबवून ते वांगी घ्यायचे. एकेक वांगं कानाजवळ नेऊन बोटानं वाजवायचे. भाजीवाली म्हणायची, "बाबाजी, वांगं हाये ते, टरबूज नोय." ते म्हणायचे, "मले माहीत हाये. तुले माहीत हाये का, म्हून विचारून राहिलो मी त्याले."

घाटात एका ठरलेल्या वळणावर जीप थांबायची.

"उतरा. गाडीले दम घेऊ द्या."

ड्रायव्हर म्हणायचा, "साहेब, गाडीले काही नाही झालं."

"तुले नाही समजत. ते बोलत नाही."

आम्ही सगळे खाली उतरून दहा मिनिटं गाडीकडे बघत उभे राहायचो. पुढे कितीतरी वर्षांनी मी माझी नवी कोरी गाडी घेतली, घाटात तिला काडीचाही त्रास नव्हता, आणि त्याच वळणावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी थांबलो. उतरलो. पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस, आणि गाडीला दम घेऊ देत उभा.

बंगलीत पाय ठेवला की पाट्या सुरू व्हायच्या. टिनाचे तुकडे कापून त्यावर पांढऱ्या रंगानं ते स्वतः अक्षरं काढत. दारावर: "ओढा. ढकलू नये. ढकलणाऱ्याने दाराला सॉरी म्हणावे." पडवीत: "चपला येथे. येथे म्हणजे येथेच." आरशाखाली: "जास्त पाहून फरक पडत नाही." बुद्धाच्या मूर्तीखाली आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली पाटी नव्हती, बाकी एकही कोपरा सुटलेला नव्हता. न्हाणीतली पाटी मी इथे लिहीत नाही. ती वाचून माझ्या एका आत्यानं बंगलीवर यायचं बंद केलं होतं.

"थंडी वाजते" हे शब्द तिथे उच्चारायला बंदी होती. जो उच्चारेल त्यानं सरपण आणायचं. आम्ही पोरं दात वाजवत "मस्त गार वाटून राहिलं" असं म्हणायचो. पहाटे साडेपाचला सगळ्यांना उठवून पॉइंटवर नेलं जायचं. समोर धुकं असायचं, दरी असते असं ऐकून होतो. तिथे ओळीत उभं करून ते श्वास घ्यायला लावायचे.

"आत घ्या. अजून. अजून घ्या ना! अकोल्यात चार महिने भट्टी खाता गुमान, अन् हवा खायले आले तं तोंड वाकडं करता? सोडू नका आत्ता!"

एकदा माझा एक चुलतभाऊ चक्कर येऊन खाली बसला. मोठे बाबा खूश झाले. "पाह्यलं? याले लागली हवा."

पहिल्या दिवशी जेवायला रोडगे. कणकेचे ते जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, आणि ते काम दुसऱ्या कुणाला करू द्यायचं नाही. पाऊस असो, वारा असो, गोवऱ्या ओल्या असोत. दुपारी एकचं जेवण साडेचारला व्हायचं. पोरं रडायची. मोठ्या आईनं, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोनं, गुपचूप सोबत आणलेला चिवडा आम्हाला पांघरुणाखाली वाटायचा आणि आम्ही तो न वाजवता चावायचा. चिवडा न वाजवता चावण्याची कला आमच्या घराण्यात तिथे आली.

हे सगळं आता लिहिताना मला हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. लोक आपल्या सुट्ट्यांच्या आठवणी सांगताना डोळे मिटतात. माझे आठवणीनंच टक्क उघडतात, साडेपाच वाजल्यासारखे. तरी मे महिना आला की मला त्या टिनाच्या छपराखालीच जावंसं वाटायचं. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

नोकरीनिमित्त मी एकोणीस वर्षं पुण्यात होतो. बोलणं बदललं. सुरुवातीला लाजेनं बदललं, मग सवयीनं. मी मोठ्या बाबांना फोनवर "मला सुट्टी नाही" म्हटलं की पलीकडून यायचं, "मला, तुला, त्याला... ला ला ला! गानं मनतं का बे?" चार वर्षांपूर्वी बदली होऊन अमरावतीला आलो तेव्हा त्यांना वाटलं, आता पोरगं सुधरेल. माझे वडील तोवर गेले होते. बंगली मोठ्या बाबांनी बांधली, पण कागदावर नाव त्यांनी दोघा भावांचं लावलं होतं. वडिलांचा वाटा माझ्याकडे आला. छप्पर गळत होतं, भिंतीला ओल होती, फळीचं दार पावसाळ्यात फुगायचं आणि गुडघ्यानं रेटत किल्ली अर्धी मागे फिरवल्याशिवाय उघडायचं नाही. मी म्हटलं, मी दुरुस्ती करून घेतो. ते म्हणाले, "कर ना. मी कुठं आडवा येऊन राहिलो?"

ते आडवे आले. उभे आले, तिरपे आले. गवंड्यानं केलेलं प्लास्टर त्यांनी ओळंबा लावून तपासलं आणि अर्धी भिंत उतरवायला लावली. रंगारी परत गेला, कारण "हा रंग दवाखान्याचा हाये." मी मुद्दाम मोठ्या आईच्या गुडघ्यांसाठी कमोड मागवला होता. मी नसताना तो त्यांनी आल्या गाडीनं घाटाखाली परत धाडला. फोन केला तर म्हणाले, "एवढ्या उंचावर येऊन खुर्चीवर बसाले आपन काय हापिसात हाओ?"

"अहो मोठे बाबा, मोठ्या आईसाठी होता तो."

"तिनं सांगतलं का तुले?"

तिनं सांगितलं नव्हतं. ती कधीच काही सांगत नसे. मी त्या दिवशी अमरावतीच्या घरात इतका ओरडलो की शेजारी येऊन विचारून गेले.

म्हणून मी दार बदललं. पाट्या काढून पोत्यात भरल्या. नवं लॅच बसवलं आणि दोन्ही किल्ल्या स्वतःकडे ठेवल्या. मोठ्या बाबांना सांगितलं, काम पूर्ण झालं की मीच न्यायला येतो. दार बदलल्याचं सांगितलं नाही. पडवीचे टिन तेव्हा काढलेले होते, गवंडी पोळ्यासाठी गावाला गेला होता, आणि मला वाटलं, निदान दोन आठवडे तरी शांतता.

बुधवारी सकाळी सव्वाआठला त्यांचा मेसेज आला. ते मेसेज अर्जासारखे लिहितात, पूर्णविरामासकट.

"मी बंगलीवर येऊन राहिलो."

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. पुण्याच्या माणसानं हे वाक्य वाचलं तर त्याला वाटेल, हे गृहस्थ बंगलीवर आले, राहिले, झालं. आमच्याकडे त्याचा अर्थ आहे, मी येतो आहे, आत्ता, वाटेत आहे. अकोल्यात जन्मलेल्या माणसाला हा घोटाळा होऊ शकत नाही. तो एकोणीस वर्षं पुण्यात राहो की एकोणनव्वद.

मी वाचलं. मला कळलं. ते अकोटच्या एस.टी.त बसले असणार, दुपारपर्यंत वर पोचणार, हे मला स्पष्ट दिसलं. दहा वाजता त्यांचा फोन आला. मी ऑफिसात होतो, समोर कुणी नव्हतं. फोन टेबलावर थरथरत होता आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो. मनात म्हटलं, येऊ दे. कुलूप बघू दे. एकदा तरी कळू दे, दुसऱ्याच्या कामात शिरल्यावर काय होतं. कुठेतरी चहा पिऊन दोनच्या गाडीनं परत जातील. फोन थांबला. मी एक फाइल उघडली आणि खरोखर काम केलं. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. मी चांगलं काम केलं त्या दिवशी.

पुढचं मला बंगलीसमोरच्या चहावाल्यानं महिन्याभरानं सांगितलं. ते बारा वाजता आले. खिशातून जुनी किल्ली काढली. ती लागेना. त्यांना वाटलं, दार फुगलं. गुडघा लावला. अर्धा तास ते त्या नव्या दाराला गुडघ्यानं रेटत होते. मग पायरीवर छत्री उघडून बसले.

"मी चारदा गेलो साहेब," चहावाला म्हणाला. "म्हटलं, बाबाजी, दुकानात बसा, कोरडं हाये. मने, मी माह्या घरी आलो, तुह्या दुकानात कायले बसू? चहा नेला तं मने, पायरीवर मी चहा पेत नसतो."

पाच वाजता त्यानं अक्षरशः उचलून त्यांना खाली जाणाऱ्या जीपमध्ये बसवलं. दोन दिवसांनी ताप चढला. न्यूमोनिया. अकोल्याच्या दवाखान्यात अकरा दिवस.

पायरीवरच्या चहाचं कोडं मला मोठ्या आईनं उलगडून सांगितलं. दवाखान्याच्या बाकावर, इंजेक्शनांची पिशवी मांडीवर घेऊन, पहिल्यांदाच ती सलग इतकं बोलली. नोकरीच्या पहिल्या वर्षी मोठे बाबा सर्वेच्या कामाला चिखलदऱ्याला गेले होते. मुक्कामाच्या एका जागी मालकानं आधी नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला. मग म्हणाला, खोल्या भरल्या आहेत. चहा तेवढा दिला, बाहेर पायरीवर. "त्याईनं पेला तो चहा," मोठी आई म्हणाली. "पेला म्हून सांगतात अजून. सांडून द्याले पायजे होता मनतात. मंग बारा वर्सं पैसे जोडले अन् बंगली बांधली."

मी तिच्याशेजारी बसलो होतो. ती म्हणाली, "तुले मेसेज केला होता मनत होते. भेटला नाही का रे?"

तिथे मी ते गैरसमजाचं खोटं बोललो. मोठी आई, मला वाटलं ते आधीच, दार बदलण्यापूर्वी, येऊन राहून गेले. मला तसाच अर्थ लागला. पुण्यात तसंच म्हणतात ना.

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि मग, त्या काळजीतही, हसली. "बाप्पा बाप्पा! लेका, आपलीच भाषा इसरला तू?" आत जाऊन तिनं ऑक्सिजनची नळी लावलेल्या मोठ्या बाबांना ते सांगितलं. काचेतून मला दिसलं, तेही हसत होते. हसताना खोकत होते.

बरे झाले, पण डॉक्टरांनी घाट बंद केला. त्याबद्दल कुरकुर करण्याऐवजी त्यांनी माझी गोष्ट सांगायला सुरुवात केली. लग्नात सांगितली, बारशात सांगितली, विहारात वंदना झाल्यावर चटईवर बसून सांगितली. "अरे, पुन्यानं पोरगं बिघडवलं माहं! मी येऊन राहिलो मनतो, हा मनते आले अन् राह्यले!" लोक पोट धरून हसायचे आणि माझ्या पाठीवर थापा मारायचे. मीही हसायचो. कुणी मला दोष देऊ नये म्हणून ते ही गोष्ट इतक्या ठिकाणी सांगत होते, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं.

एवढ्यावर ते थांबणारे नव्हते. दर रविवारी सकाळी नऊला फोन. माझी शिकवणी.

"सांग, 'जेवून राहिलो' म्हंजे काय?"

"जेवतो आहे."

"जेवन झालं काय?"

"नाही. चालू आहे."

"शाब्बास. 'मरून राहिलो' म्हंजे?"

"मोठे बाबा, राहू द्या ना."

"राहू द्या नाही. पुढच्या येळेस कोनी मरून राहिला तं तू मनसीन मेला अन् राह्यला. सांग!"

बायको स्वयंपाकघरात हसून लोटपोट. मला फोन भिंतीवर आपटावासा वाटायचा. त्यांना आडवं बोलायची सोय मी स्वतःच घालवून बसलो होतो. पाच महिने, दर रविवारी, मी मला येत असलेली भाषा शिकत होतो आणि चुकत होतो, कारण एकदम सगळं बरोबर आलं तर संशय येईल, म्हणून मुद्दाम चुकत होतो. मी चुकलो की ते मायेनं समजावून सांगायचे. इतके ते लहानपणी कधी समजावत नव्हते.

फेब्रुवारीत एका रविवारी मी अकोल्याला गेलो. त्यांच्या ओसरीवर एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन बसले होते. त्यांना मोठे बाबा माझी गोष्ट सांगत होते. मी आलेला बघून त्यांना अधिकच जोर चढला. गोष्ट संपली, गृहस्थ हसले, आणि जाता जाता सहज म्हणाले, "पन बाबाजी, लय तरास झाला ना तुमाले."

"झाला ना. पन पोरगं साधं हाये," मोठे बाबा म्हणाले. "त्याच्या मनात काही नोतं."

गृहस्थ गेले. मोठे बाबा माझ्याकडे वळले. "हं. आज 'करून टाकलं' घेऊ आपन."

मी म्हणालो, "मोठे बाबा, मला तो मेसेज समजला होता."

"कोनता?"

"येऊन राहिलोचा."

आत मोठी आई काहीतरी निवडत होती, त्याचा आवाज थांबला.

"कवा समजला? मागून?"

"तेव्हाच. सकाळी. सव्वाआठला."

"फोन केलता मी."

"दिसला होता."

"मंग?"

"राग आला होता."

"कायचा?"

"तुमचा. कमोडचा. भिंतीचा. सगळ्याचा."

हातातली पत्रिका त्यांनी खाली ठेवली. बोलले तेव्हा आवाजात ओरडा नव्हता, आणि मला त्यांच्या ओरडण्याची इतकी गरज कधी वाटली नव्हती.

"माहा राग तं सगळ्याइलेच येते," ते म्हणाले. "कुलूप कोनी नाही लावत."

मी मान खाली घातली.

"अन् मी गावभर सांगत फिरलो. विहारात सांगतलं. तुह्या मनात काही नोतं मनून. खोटं बोलाले लावलं तू मले, या वयात."

मी येताना रस्ताभर वाक्यं जुळवली होती. दर्यापूरपासून तोंडात घोळवत होतो. ती मी म्हणालो. "मोठे बाबा, माझ्याकडून फार मोठी चूक झाली, त्याबद्दल मी तुमची मनापासून माफी मागतो."

त्यांनी हात झटकला. "हे तं बसमधी पायावर पाय पडल्यावर लोकं मनतात."

ते उठले. मला वाटलं, आत जाणार. ते दोन पावलं गेले आणि उंबऱ्याशी, माझ्याकडे पाठ करून, थांबले. मी बसलेला होतो तो उठून उभा राहिलो. तोंडातून काय येईल ते मी ठरवलं नव्हतं. जे आलं ते लहानपणच्या बोलीत आलं, अडखळत, आणि त्यात मला एकदाही चुकावं लागलं नाही.

"मोठे बाबा, तुमी निघाले हे मले समजलं होतं. तुमी पोचसान तवा दाराले कुलूप राहीन, हेही मले माहीत होतं. माह्या समोर फोन वाजला अन् मी उचलला नाही. ते घर तुमचं हाये. मी तुमाले त्याच्या बाहेर बसवलं, पावसात. अन् मंग मोठ्या आईजवळ दवाखान्यात खोटं बोललो, तुमी आत पडून होते तवा. माहं काही इसरलं नोतं. मी मुद्दाम केलं. मले माफ करा."